महापुरातला निरोप: पॅकेट रेडिओचा नोड कसा चालवतात

नृसिंहवाडीत पाणी किती चढले हे लोक पायऱ्यांवरून सांगतात. कृष्णा आणि पंचगंगा इथे मिळतात. आधी घाट बुडतो, मग उत्तरेकडून देवळात शिरलेले पाणी पादुकांवरून वाहत दक्षिण दाराने बाहेर पडते, आणि त्या दक्षिणद्वार सोहळ्याच्या स्नानासाठी सीमेपलीकडच्या कर्नाटकातूनही माणसे येतात. पाणी आणखी चढले तर उत्सवमूर्ती नारायणस्वामी महाराजांच्या मंदिरात नेतात. इथवर गावाला काही नवे नसते. २००५, २०१९ आणि २०२१ ही वर्षे मात्र वेगळी. ऑगस्ट २०१९ मध्ये शिरोळ तालुक्यातली गावेच्या गावे पाण्याने वेढली, शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग बंद पडला, वीज गेली, आणि त्यापाठोपाठ मोबाइलही मुका झाला.

मोबाइल मुका होण्याचे कारण साधे आहे. टॉवर उंच असतो, पण त्याची वीज आणि त्याला पुढच्या केंद्राशी जोडणारी तार जमिनीलगतच असते. बॅटरी काही तास टिकते, डिझेलची गाडी पाण्यातून येत नाही, आणि टॉवर शाबूत असला तरी त्याच्यामागची फायबर तुटली असेल तर तो नुसता खांब. पूर जिल्हाभर असेल तर शेजारचा टॉवरही त्याच अवस्थेत असतो. कृष्णा-भीमा खोऱ्यात जलसंपदा विभागाने पाऊस आणि पाणीपातळी आपोआप कळवणारी केंद्रे बसवली आहेत. ती उपग्रह आणि मोबाइल जाळ्यावरून बोलतात. यंत्रांची सोय झाली आहे. वेढलेल्या गावातल्या माणसाने कोणत्या वाटेने बोलायचे, हा प्रश्न राहतोच.

हॅम, म्हणजे परवानाधारक हौशी रेडिओचालक, यांना ही परिस्थिती नवी नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर आणि २००१ मध्ये भूजला त्यांनी संच लावले होते. डिसेंबर २००४ मध्ये भारती प्रसाद या हॅम अंदमानात हौशी प्रसारणासाठी गेल्या होत्या. त्सुनामी आली आणि पोर्ट ब्लेअरमधला त्यांचा संच बेटांवरच्या माणसांचे निरोप पोचवू लागला. हे काम मुख्यतः आवाजाचे. आवाजाची अडचण यादी सांगताना कळते. दोनशे माणसांची नावे, इन्सुलिनच्या मात्रा, बोटी कोणत्या वाडीवस्तीवर पाठवायच्या, हे खरखरणाऱ्या रेडिओवर सांगायचे, पलीकडच्याने लिहून घ्यायचे, पुन्हा वाचून दाखवायचे. ‘तेवीस’चे ‘त्रेपन्न’ व्हायला एवढे पुरते. अशा मजकुरासाठी पॅकेट रेडिओ चांगला.

त्याची कल्पना हवाई बेटांवरची. १९७१ मध्ये हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्रामसन आणि सहकाऱ्यांनी अलोहानेट सुरू केले. बेटाबेटांवरची टर्मिनले एकाच वारंवारितेवर मजकुराचे तुकडे पाठवत, टक्कर झाली तर थोड्या वेळाने पुन्हा पाठवत. हौशी मंडळींनी १९७८ पासून कॅनडात, मग अमेरिकेत हे उचलले. ॲरिझोनातल्या टक्सन शहरातल्या टीएपीआर या गटाने टीएनसी नावाची छोटी पेटी लोकांपर्यंत नेली. ही पेटी संगणक आणि रेडिओ यांच्या मधे बसते आणि अक्षरांचे सूर करते. १२०० बॉडच्या प्रचलित पद्धतीत १२०० आणि २२०० हर्ट्झ असे दोनच सूर. रेडिओला वाटते कुणीतरी चिरक्या आवाजात बोलते आहे. आता त्या पेटीचे काम रास्पबेरी पायवरची ‘डायर वुल्फ’ ही मोफत प्रणाली साउंडकार्डातून करते, आणि जुन्या टीएनसीपेक्षा चांगले करते.

तुकडा, म्हणजे पॅकेट, एएक्स.२५ या नियमाने बांधलेला असतो. पुढे कुणासाठी आणि कुणाकडून ते सांगणारी कॉलसाइन, म्हणजे परवान्यासोबत मिळणारी ओळखनावे, मग मजकूर, शेवटी दोन बाइटांची तपासणीबेरीज. मजकुरातला एक बिट जरी बिघडला तरी बेरीज जुळत नाही आणि घेणारे केंद्र तो तुकडा गुपचूप टाकून देते. पोच आली नाही की पाठवणारा पुन्हा पाठवतो. त्यामुळे निरोप एकतर जसाच्या तसा पोचतो किंवा पोचत नाही. ‘त्रेपन्न’ होत नाही.

असे तुकडे घेऊन पुढे पाठवणारे केंद्र म्हणजे नोड. आता नृसिंहवाडीत, म्हणजे बोलण्यातल्या वाडीत, तो उभारायचा झाला तर काय करावे लागेल ते पाहू. १४५ मेगाहर्ट्झच्या लहरी साधारण सरळ जातात, त्यामुळे पहिला हिशेब उंचीचा. अँटेनाची उंची मीटरमध्ये घ्या, तिचे वर्गमूळ काढा, त्याला सुमारे ४.१ ने गुणा. तेवढे किलोमीटर तिचे क्षितिज. गच्चीवरच्या दहा मीटर अँटेनाला १३ किलोमीटर. दोन्हीकडे अशीच गच्ची असेल तर २६. वाडी ते कोल्हापूर सरळ रेषेत चाळिसेक किलोमीटर आहे, म्हणजे थेट जमत नाही. पण समोर पन्हाळा आहे. आजूबाजूच्या सपाटीपासून चारशे मीटर वर असलेल्या जागेचे क्षितिज ८० किलोमीटरच्या पुढे जाते आणि वाडी तिथून पन्नास-पंचावन्न किलोमीटरवर. गडावर एक नोड असला तर कोल्हापूरचे जिल्हाधिकारी कार्यालय आणि शिरोळ तालुका दोन्ही त्याच्या टप्प्यात येतात.

मला मात्र दुसरी साखळी जास्त महत्त्वाची वाटते, कृष्णेच्या वरच्या अंगाची: वाडी, मग मिरज तालुक्यातला दंडोबाचा डोंगर, मग सागरेश्वर, मग कराडजवळचा आगाशिव. कोयनेतून सोडलेले पाणी कराडच्या प्रीतिसंगमात येते आणि तिथून सांगलीवरून वाडीला. वरचा आकडा पाण्याच्या आधी खाली आला तर गावाला सामान आणि जनावरे हलवायला वेळ मिळतो. नकाशावर जुळणारी साखळी प्रत्यक्षात जुळेलच असे नाही. मधली एखादी सोंड आडवी येते, म्हणून दोन माणसांना दोन डोंगरांवर हातसंच घेऊन चढावे लागते. शिवाय सागरेश्वर अभयारण्य आहे, आगाशिवला बौद्ध लेणी आहेत, दंडोबाला देवस्थान. तिथे खांब रोवायचा तर त्या त्या खात्याची आणि विश्वस्तांची परवानगी लागते. नोडचालकाचा बराच वेळ अर्ज लिहिण्यात जातो, हे या छंदाच्या पुस्तकांत सहसा छापत नाहीत.

या साखळीतून निरोप न्यायचे दोन प्रकार आहेत. पहिला डिजिपीटर. तो ऐकलेला तुकडा तसाच पुढे फेकतो, पोचेची जबाबदारी घेत नाही. पोच द्यायची ती अगदी शेवटच्या केंद्राने, आणि तीही त्याच साखळीने उलटी यायची. प्रत्येक टप्प्यात दहातले आठ तुकडे नीट जातात असे धरा. तीन टप्पे पार पडण्याची शक्यता ०.८ गुणिले ०.८ गुणिले ०.८, म्हणजे ५१ टक्के. पोचेसकट सहा टप्पे धरले तर जेमतेम २६. चारातला एक प्रयत्न यशस्वी, आणि फसलेल्या प्रत्येक प्रयत्नात साखळीतल्या सगळ्यांची वारंवारिता खर्च झालेली.

नोड इथे वेगळा वागतो. दंडोबाचा नोड वाडीचा तुकडा मिळताच वाडीला पोच देतो, तुकडा आपल्याकडे ठेवतो आणि सागरेश्वरच्या नोडाशी स्वतंत्रपणे झगडतो. तुकडा आणि पोच मिळून एका टप्प्याची शक्यता ६४ टक्के, म्हणजे टप्प्यागणिक सरासरी दीडच्या आसपास प्रयत्न. पुढच्या टप्प्यात अडले तर मागच्या टप्प्याला पुन्हा बोलावे लागत नाही. १९८७ च्या सुमारास अमेरिकेत नेट-रॉम ही प्रणाली आली. टीएनसीतली चिप काढायची आणि ही बसवायची, एवढ्यावर पेटीचा नोड होई. पुढे ब्रिटनच्या जॉन वाइजमन यांनी बीपीक्यू प्रणाली लिहिली. तिची लिनक्सवरची आवृत्ती आजही बहुतेक नोडचालकांची पहिली पसंती आहे.

बीपीक्यूची जुळवणी म्हणजे एक साधी मजकूर फाइल. वर नोडचे कॉलसाइन. भारतात दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेचा परवाना मिळाला की व्हीयू२ किंवा व्हीयू३ ने सुरू होणारे कॉलसाइन मिळते. त्याच्या मागे शून्य ते पंधरापैकी एक आकडा जोडून एकाच माणसाचा नोड, टपालपेटी आणि घरचा संच वेगळे ओळखता येतात. मग टोपणनाव, रोमन लिपीत जास्तीत जास्त सहा अक्षरे. ‘नृसिंहवाडी’ त्यात मावत नाही, पण पंचक्रोशीत तिला कोण पूर्ण नावाने हाक मारतो? ‘वाडी’ चार अक्षरांत बसते.

खरे काम पुढच्या आकड्यांत आहे, आणि ते जवळजवळ सगळे थांबण्याचे आकडे आहेत. टीएक्सडिले म्हणजे रेडिओचे बटण दाबल्यापासून पहिला सूर सोडेपर्यंतचा वेळ. संच प्रसारणावर जायला आणि पलीकडचा कान उघडायला थोडा अवधी लागतो. तो समजा ३०० मिलिसेकंद. कमी ठेवला तर प्रत्येक तुकड्याचे डोके कापले जाते आणि चालकाला वाटते अँटेना बिघडली.

त्यानंतर पर्सिस्ट आणि स्लॉटटाइम. वारंवारिता मोकळी झाल्यावर सगळेच एकदम बोलले तर काय होईल ते कुरुंदवाडच्या एसटीच्या दारात पाहायला मिळते. म्हणून प्रत्येक नोड मनात फासा टाकतो. पर्सिस्ट ६३ असेल तर चारात एकदा बोलायचे, नाहीतर स्लॉटटाइमइतके, समजा शंभर मिलिसेकंद, थांबून पुन्हा ऐकायचे आणि पुन्हा फासा. ज्या वारंवारितेवर दोनच केंद्रे आहेत तिथे पर्सिस्ट वाढवायला हरकत नाही. दहा असतील तर तो कमी करावा लागतो. ज्याने आपला आकडा चोरून वाढवला त्याचे निरोप दोन दिवस झपाट्याने जातात. मग बाकीचेही वाढवतात आणि कुणाचेच जात नाहीत.

फ्रॅक हा या सगळ्यांतला सर्वांत घातक आकडा. पोच यायची किती वाट पाहायची आणि मग तुकडा पुन्हा पाठवायचा, तो हा वेळ. १२०० बॉडला सेकंदाला दीडशे बाइट जातात. २५६ बाइटांचा तुकडा आणि त्याचा पत्ता-बांधणी मिळून जवळजवळ दोन सेकंद, वर टीएक्सडिले, वर गर्दीतले थांबणे. सात-आठ सेकंद ठेवणे शहाणपणाचे. पण महापुराच्या रात्री नवा चालक वैतागून तो तीनवर आणतो. पोच वाटेत असतानाच तुकडा दुसऱ्यांदा जातो, त्या दुसऱ्या तुकड्याने पोच चिरडली जाते, मग तिसरा. बाहेरून पाहणाऱ्याला नोड जोरात काम करतो आहे असे वाटते, दिवे सारखे लुकलुकतात, आणि एकही निरोप पुढे सरकत नाही. खराब दिवशी फ्रॅक वाढवायचा आणि तुकडे लहान करायचे. लहान तुकडा बिघडण्याची शक्यता कमी आणि पुन्हा पाठवणेही स्वस्त.

तुकडा लहान करताना मराठीची एक अडचण येते. युनिकोडच्या रूढ साठवणीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट खाते, काना-मात्रा-अनुस्वारसुद्धा. ‘नृसिंहवाडी’ तीस बाइट होते, रोमनमध्ये लिहिले तर अकरा. १२८ बाइटांच्या तुकड्यात बेचाळीसच देवनागरी चिन्हे मावतात, आणि तुकडा चिन्हाच्या मधोमध तुटला तर काही जुने टर्मिनल चौकोन दाखवतात. देवनागरी आकडेही तिप्पट जागा घेतात. म्हणून पाणीपातळी, विसर्ग, वेळ हे ठरावीक क्रमाने इंग्रजी आकड्यांत पाठवावे. माणसांचे निरोप मात्र मराठीतच जाऊ द्यावेत. बारा-पंधरा सेकंद जास्त लागतील, पण आजीच्या गोळ्यांचे नाव सोडून बाकीचे वाक्य कुणी रोमनमधून उलगडत बसणार नाही.

हवेत आणखी एक टक्कर होते जी ऐकून टाळता येत नाही. वाडी आणि कोल्हापूर दोघेही पन्हाळ्याला ऐकतात, एकमेकांना ऐकत नाहीत. दोघांनाही वारंवारिता मोकळी वाटते, दोघे एकदम बोलतात आणि गडावर नुसता गोंगाट पोचतो. उपाय एकच: नोडानोडांतली बोलणी वेगळ्या वारंवारितेवर न्यायची, शक्य तर ४३४ ते ४३८ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात ९६०० बॉडने, आणि गावातल्या संचांसाठी १४४ ते १४६ मधली एक राखायची. डोंगरावर दोन रेडिओ ठेवायचे म्हणजे खर्च दुप्पट. पैसे कमी पडले की पहिल्यांदा हाच रेडिओ कापला जातो आणि नंतर जाळे मंद का चालते यावर चर्चा होते.

वाटा कोण ठरवतो? नोड ठरावीक काळाने, सहसा तासातून एकदा, आपल्याला माहीत असलेल्या नोडांची यादी प्रसारित करतो. शेजाऱ्याच्या वाटेला दर्जा द्यायचा, २५५ पैकी, समजा १९२. त्यापलीकडच्याचा दर्जा गुणाकाराने घटतो: वाडीला दंडोबा १९२, सागरेश्वर १४४, आगाशिव १०८. ठरवलेल्या किमान दर्जाखाली गेलेली वाट यादीत येत नाही. ऐकायला सोपे आहे, पण यात दोन खाचा आहेत.

एक, हिवाळ्यातली पहाट. कृष्णाकाठावर धुके साचते, जमिनीलगतची हवा थंड आणि वरची ऊबदार होते, आणि अशा थराखाली लहरी वळून एरवीच्या कितीतरी पुढे जातात. भलत्याच दूरचा नोड तासभर स्वच्छ ऐकू येतो, त्याची यादी आपल्या यादीत मिसळते आणि ऊन चढल्यावर निरोप त्या नसलेल्या वाटेवर धाडले जातात. म्हणून शहाणा चालक अनोळखी शेजाऱ्याचा दर्जा शून्य ठेवतो आणि भरवशाच्या वाटा हाताने कुलूपबंद करतो.

दुसरी खाच पुराची. यादीतल्या प्रत्येक नोंदीला एक उतरता आकडा असतो, बहुधा सहापासून. त्या नोडाची बातमी आली की तो पुन्हा सहा, नाही आली तर दर प्रसारणाला एकाने कमी. सागरेश्वरचा खांब रात्री दहाला पडला तरी दूरच्या याद्यांतून तो नाहीसा व्हायला पहाट उजाडते. तोवर जाळे त्याला जिवंत समजते. पावसाळ्यात प्रसारणाचे अंतर तासावरून वीस-तीस मिनिटांवर आणायचे, आणि खांब पडल्याचे कळताच ती नोंद हाताने पुसायची.

हाताने पुसायची, पण कुठून? चालक वाडीत अडकलेला, नोड डोंगरावर. आज्ञा रेडिओवरूनच द्यावी लागते, आणि हौशी रेडिओवर मजकूर गुप्त लिपीत पाठवायला परवानगी नाही. संकेतशब्द उघड पाठवला तर ऐकणारा कुणीही नोडाचा मालक होईल. यावर नेट-रॉमच्या काळापासूनची तोड सुंदर आहे. नोडात एक लांबलचक अक्षरओळ साठवलेली असते. चालकाने हक्क मागितला की नोड पाच आकडे पाठवतो, उदाहरणार्थ ४, १७, ३१, ९, २२. चालक आपल्या कागदावरून त्या त्या क्रमांकाची पाच अक्षरे परत पाठवतो. पुढच्या वेळी आकडे वेगळे. काही आवृत्त्यांत ही पाच अक्षरे निरर्थक अक्षरांच्या गर्दीत लपवूनही पाठवता येतात. चिकाटीने ऐकणारा हळूहळू ओळ जुळवू शकतो, म्हणून ती वरचेवर बदलायची. तो कागद प्लास्टिकच्या पिशवीत आणि निदान दोन घरांत असावा.

विजेचा हिशेब निराशाजनक आहे. रास्पबेरी पाय आणि ऐकत बसलेला रेडिओ मिळून दहा-बारा वॅट घेतात. प्रसारण जास्त खाते, पण सेकंदांपुरते. १२ व्होल्ट, १०० अँपिअर-तासाची बॅटरी अर्धीच वापरायची ठरवली तर ६०० वॅट-तास, म्हणजे दोन दिवस. २०१९ चा वेढा आठवडाभर होता, आणि ऑगस्टच्या ढगांत सौरपट्ट्या नावालाच चालतात. तेव्हा एकतर बॅटऱ्या वाढवा, किंवा नोडला रात्रीचे काही तास झोपवा, किंवा पायऐवजी जेमतेम वीज खाणारी जुनी टीएनसीच बसवा. मी तिसऱ्याच्या बाजूचा आहे.

याहून वाईट बिघाड म्हणजे संगणक अडकून रेडिओचे बटण दाबलेलेच राहणे. बॅटरी तर संपतेच, शिवाय टप्प्यातल्या प्रत्येक केंद्राचा कान बंद होतो. एक आजारी नोड अख्खे जाळे पाडतो, आणि डोंगर चढायला रस्ता नसतो. म्हणून प्रसारण अर्ध्या मिनिटाहून लांबले की बटण सोडवणारे सर्किट संगणकावर अवलंबून न ठेवता वेगळे बसवतात. शंभर-दोनशे रुपयांच्या सुट्या भागांत ते होते.

कोल्हापूर किंवा पुण्याच्या टोकाला इंटरनेट शिल्लक असेल तर तिथला नोड विनलिंक या हौशी टपालसेवेला जोडता येतो. मग वाडीतून निघालेला निरोप पलीकडे साध्या ईमेलसारखा उतरतो आणि घेणाऱ्याकडे रेडिओ लागत नाही. मात्र धंद्याचा मजकूर या वाटेने चालत नाही. पेढ्यांची ऑर्डर नोडवरून गेली तर तक्रार परवानाधारकावर येईल.

आणि एका परवान्यावर नोड चालत नाही. जुलैत तोच एक माणूस आजारी पडला, किंवा बोटीतून कुटुंबासह जयसिंगपूरला गेला, की संचाला हात लावायचा कायदेशीर हक्क गावात कुणालाच उरत नाही. परीक्षा, अर्ज, पोलिसांकडची पडताळणी आणि कॉलसाइन हातात पडणे यात महिने जातात. वाडीच्या नोडला पावसाळ्यात तीन चालक हवे असतील तर त्यांचे अर्ज आदल्या दत्तजयंतीच्या आसपास गेलेले असावे लागतात. मेअखेर तिघांनीही एकदा गच्चीवर न जाता, बॅटरीवर आणि मोबाइल बंद ठेवून आगाशिवपर्यंत निरोप पाठवून पोच आणलेली असावी.